‘बँडिट क्वीन’: सिनेमा संपल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्याशा फिल्म मंडळात शेखर कपूरचा ‘बँडिट क्वीन’ आजवर तीनदा लावला. तिन्ही वेळा दिवे लागल्यावर पाच-सात मिनिटं कुणी बोलेना. कुणी चपला शोधतंय, कुणी उगाच मोबाइल बघतंय. मग चहा आला आणि प्रश्न सुरू झाले. ते दर वेळी बरेचसे तेच असतात आणि निम्म्यांची उत्तरं चहा गार होईपर्यंत संपत नाहीत. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढलं. सिनेमा अजून पाहिला नसेल तर एवढं लक्षात ठेवा: यात लैंगिक अत्याचाराचे प्रसंग आहेत, एक नव्हे, अनेक. मनाची तयारी करून बसा.

हा सिनेमा आहे कशावर?

फूलनदेवीवर. उत्तर प्रदेशातल्या जालौन जिल्ह्यातल्या एका खेड्यात, यमुनेच्या काठी, मल्लाह म्हणजे नावाडी जातीच्या घरात १९६३ साली ती जन्मली. अकराव्या वर्षी तिप्पट वयाच्या माणसाशी लग्न, तिथून पळून माहेरी, मग गावाचा जाच, पोलीस कोठडी, दरोडेखोरांनी उचलून नेणं आणि पुढे स्वतःच टोळीची म्होरकी होणं. सिनेमा बालपणापासून सुरू होतो आणि १९८३ च्या शरणागतीपाशी थांबतो. लांबी दोन तासांच्या आत. चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीचे पैसे, बॉबी बेदी निर्माते. १९९४ मध्ये कान महोत्सवातल्या दिग्दर्शकांच्या विभागात दाखवला गेला. आपल्याकडे थिएटरात यायला मात्र जानेवारी १९९६ उजाडला.

यातलं खरं किती?

सिनेमा स्वतःच सुरुवातीला सांगतो की ही सत्यकथा आहे. सगळ्या भांडणाचं मूळ त्या एका वाक्यात आहे. ‘एका खऱ्या आयुष्यावर आधारित’ एवढं म्हटलं असतं तर बरंच निभावलं असतं.

आधार आहे माला सेन यांच्या १९९१ च्या इंग्रजी पुस्तकाचा. फूलनला लिहिता-वाचता येत नव्हतं. तुरुंगातून तिनं सांगितलं, दुसऱ्यांनी लिहून घेतलं, ते बाहेर आलं आणि त्यावर पुस्तक उभं राहिलं. म्हणजे तिचं बोलणं, त्यावर कुणाचं तरी लिखाण, त्यावर पुस्तक, त्यावर पटकथा आणि त्यावर कॅमेरा. पाच हात फिरलेली गोष्ट आहे ही. ठळक घटना खऱ्या आहेत: बालविवाह, अपहरण, टोळीप्रमुख बाबू गुज्जरचा खून, टोळीतल्याच विक्रम मल्लाहची साथ, त्याची हत्या, बेहमईचं हत्याकांड, भिंडची शरणागती. पण कोणत्या प्रसंगात कोण काय बोललं, कुणी बंदूक रोखली, कोण रडलं, हे बरंचसं सिनेमावाल्यांचं आहे.

मग काय गाळलंय?

जमीन. माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत हीच, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही.

फूलनची पहिली लढाई ठाकुरांशी नव्हती, घरातच होती. तिचा चुलतभाऊ मैयादीन याने तिच्या बापाच्या वाट्याची जमीन दाबली होती. शेतात कडुलिंबाचं एक मोठं झाड होतं. ते त्याने तोडून विकायला काढलं तेव्हा दहा-अकरा वर्षांची ही पोर शेतात जाऊन बसली आणि उठेचना. बेशुद्ध पडेपर्यंत मार खाल्ला. बाप गप्प बसला, ती बसली नाही. पुढे १९७९ च्या सुरुवातीला याच मैयादीनने चोरीचा आळ घेऊन तिला कोठडीत धाडलं. त्याच वर्षी दरोडेखोरांनी तिला उचललं.

आपल्याकडे बांधावरून कोर्टकचेऱ्या करत म्हातारी झालेली माणसं गल्लोगल्ली सापडतील, त्यामुळे हा भाग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सिनेमात हे भांडण जवळपास नाहीच. मग होतं काय, की बाईवर अत्याचार झाले म्हणून ती डाकू झाली, एवढीच साखळी उरते. खरी फूलन अत्याचाराच्या आधीपासून भांडखोर होती, आणि भांडत होती ती सात-बाराच्या गोष्टीसाठी. ती बाई मला सिनेमातल्या बाईपेक्षा जास्त रंगतदार वाटते.

बेहमईत नेमकं काय झालं?

१४ फेब्रुवारी १९८१. कानपूरजवळ यमुनाकाठी बेहमई नावाचं ठाकुरांचं गाव. त्याआधी काही महिन्यांपूर्वी श्रीराम आणि लालाराम या ठाकूर भावांनी टोळीतल्याच विक्रम मल्लाहला मारलं होतं आणि फूलनला याच गावात आणून कोंडून ठेवलं होतं. तिथे तिच्यावर जे झालं ते सिनेमाने दाखवलंय, इथे परत लिहीत नाही. त्या दिवशी टोळी गावात शिरली, श्रीराम-लालारामना बाहेर काढा म्हणाली. ते दोघे गावात नव्हतेच. टोळीने गावातले पुरुष ओळीने उभे केले आणि गोळ्या झाडल्या. वीस माणसं मेली.

फूलन तेव्हा साडेसतरा वर्षांची होती. हा आकडा सांगितला की मंडळात दर वेळी कुणीतरी म्हणतं, “काय सांगता!” पडद्यावर सीमा विश्वास बघताना ते वय जाणवत नाही.

स्वतः गोळी झाडून कुणाला मारल्याचा आरोप फूलनने शेवटपर्यंत नाकारला. सिनेमात मात्र हे हत्याकांड तिच्या सूडाचा कळस म्हणून येतं. जी बाई त्या वेळी खटल्याच्या टांगत्या तलवारीखाली होती तिलाच पडद्यावर गुन्हेगार ठरवून टाकणं म्हणजे काय, याचा विचार वकील मंडळींनी करावा.

दुसरी बाजूही आहे. मेलेल्या वीस जणांपैकी एकाचंही नाव सिनेमा संपल्यावर आपल्याला आठवत नाही, कारण ते सांगितलेलंच नसतं. फूलनला छळणारे पुरुष एकेक करून आपल्या डोळ्यांत भरतात, त्यांच्या मिशांसकट. मरणारे पुरुष मात्र ‘ठाकूर’ या एका शब्दात गोळा होतात. ज्यांना फूलन शोधत होती ते दोघे सुटले आणि भलतेच मेले, हे वाक्य संवादात येतं, पण त्याचं वजन पोचत नाही. बेहमईत आज त्या वीस नावांचं स्मारक आहे.

‘डाकू’ की ‘बागी’?

चंबळमध्ये कुणी स्वतःला डाकू म्हणवून घेत नाही. शब्द आहे बागी, म्हणजे बंड केलेला. गावात अन्याय झाला, पोलिसांनी दाद दिली नाही, एक खून पडला की माणूस रात्रीतून ‘बीहड’मध्ये उतरतो. बीहड म्हणजे चंबळ आणि यमुनेच्या पाण्याने मऊ मातीत कोरलेल्या घळींचं जाळं. आपल्या सह्याद्रीच्या दऱ्या डोळ्यांपुढे आणू नका. हे उंच काही नाही. सपाट रानात चालता चालता पायाखालची जमीन एकदम चिरत जाते आणि पन्नास पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. धोलपूरच्या आसपास हा सिनेमा चित्रित झाला. छायाचित्रकार अशोक मेहतांनी ती माती अशी पकडलीय की घशाला कोरड पडते.

बागी हा शब्द ऐकायला रुबाबदार असला तरी ज्याच्या घरावर दरोडा पडतो त्याला दोन्ही शब्द सारखेच.

शेवटी शरणागतीचा एवढा थाट का? गुन्हेगार आहे की पुढारी?

कारण तो त्या मुलखाचा रिवाज झाला होता आणि त्याची सुरुवात एका मराठी माणसाने केली होती. कुलाब्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या गागोदे गावचे विनोबा भावे मे १९६० मध्ये पायी चंबळमध्ये गेले. दरोडेखोर मानसिंहचा मुलगा तहसीलदारसिंह नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना पत्र लिहिलं होतं. विनोबांच्या पुढ्यात वीसेक बागींनी बंदुका ठेवल्या. मग १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे जौऱ्याला शेकडोंनी ठेवल्या. मोहरसिंह, माधोसिंह ही नावं तेव्हा आपल्याकडच्या पेपरांतही गाजली होती.

त्यामुळे १२ फेब्रुवारी १९८३ ला भिंडला फूलन व्यासपीठावर चढली तेव्हा लोकांना तमाशा बघायची सवय होती. हजारोंची गर्दी, मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री अर्जुनसिंह समोर, गांधीजींची आणि दुर्गेची तसबीर. तिने बंदूक ठेवली ती या दोन तसबिरींपुढे. पोलिसांपुढे ठेवायला ती तयार नव्हती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांवर तर विश्वास नव्हताच, म्हणून शरणागतीसाठी राज्यच बदललं. अटी तिच्या होत्या: फाशी नको, साथीदारांना आठ वर्षांहून जास्त शिक्षा नको, बापाला जमीन हवी, भावाला नोकरी. जमीन तिथेही आलीच बघा.

त्या दिवसाचे फोटो पाहा. कपाळाला लाल पट्टी, अंगावर शाल, खांद्यावर बंदूक आणि चण इतकी लहान की आजूबाजूच्या पोलिसांच्या खांद्यालाही लागत नाही. पेपरवाले रूपसुंदर डाकूराणी बघायला आले होते आणि त्यांच्या हाती एकोणीस वर्षांची घाबरट, चिडकी पोर लागली.

फूलनदेवीला विचारून काढला का हा सिनेमा?

पुस्तकाचे हक्क घेतले होते. तिला विचारणं ही वेगळी गोष्ट.

सिनेमा तयार होत होता तेव्हा ती तुरुंगातच होती. अकरा वर्षं, आणि सगळी खटला चालवल्याविना. फेब्रुवारी १९९४ मध्ये, मुलायमसिंह यादव यांच्या सरकारने खटले मागे घेतल्यावर, ती सुटली. काही महिन्यांत कानला सिनेमा दाखवला गेला, पाठोपाठ दिल्लीतल्या निमंत्रितांनाही. तिला बोलावणं नव्हतं. आपल्यावर झालेला बलात्कार पडद्यावर दाखवलाय, हे तिला दुसऱ्यांकडून कळलं. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तिला तात्पुरती स्थगितीही मिळाली.

त्याच सुमारास अरुंधती रॉय यांनी दोन लेख लिहून सिनेमाचं वस्त्रहरण केलं. त्या तेव्हा कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध नव्हत्या. त्यांचा मुद्दा साधा होता: जिवंत बाईवरचा बलात्कार तिच्या परवानगीवाचून पुन्हा उभा करण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? यावर उत्तर म्हणून सत्य, कला, समाजाचा आरसा असे बरेच शब्द फेकले गेले. पण तिला भेटून एकदा विचारायला काय झालं होतं, याचं धड उत्तर मला कुठेच मिळालेलं नाही.

शेवटी तडजोड झाली. चॅनल फोरने ४० हजार पौंड दिले, तेव्हाच्या दराने वीस लाख रुपयांच्या आसपास, आणि फूलनने तक्रार मागे घेतली. “म्हणजे पैशांसाठीच केलं ना सगळं,” असं आमच्याकडे दर वेळी एक गृहस्थ म्हणतात. दर वेळी वेगळे गृहस्थ असतात, वाक्य तेच. त्यांना मी एवढंच विचारतो की सिनेमा काढणाऱ्यांनी फुकट काढला होता का?

मग बंदी कुणी घातली? त्यावर कोर्टात काय झालं?

ही वेगळी केस आहे, पहिलीशी घोळ करू नका.

सेन्सॉर मंडळाने बरीच काटछाट सुचवली. निर्माते अपील न्यायाधिकरणाकडे गेले. त्याचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती लेंटिन, तेच, ज्यांच्या निकालाने १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांची खुर्ची गेली आणि ज्यांचा जे. जे. रुग्णालयाच्या औषधकांडावरचा अहवाल आपल्याकडे अजून आठवला जातो. बाकीच्या तीन सदस्य स्त्रिया होत्या. सगळ्यांनी एकमताने सांगितलं, प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र द्या. विहिरीवरचा नग्न धिंडीचा प्रसंग काढून टाकला तर सिनेमाचा कणाच जातो, असं त्यांचं मत पडलं.

जानेवारी १९९६ ला सिनेमा लागला आणि दोन दिवसांत गुज्जर समाजातल्या एकाने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला की बाबू गुज्जरला बलात्कारी दाखवून समाजाची बदनामी झाली. उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द केलं, खेळ थांबले. १ मे १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत बहाल केलं. निकालाचा सारांश आपल्या शब्दांत असा: सामाजिक दुष्टपणाचा परिणाम दाखवायचा तर तो दुष्टपणा दाखवावाच लागतो. विहिरीवरचा तो प्रसंग बघून कुणाची वासना चाळवत नाही, दया येते, लाज वाटते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यांत हा निकाल आजही काढून दाखवला जातो.

मला निकाल पटतो. पण त्यात एक गंमत आहे, गंमत कसली, खंत आहे. प्रेक्षकाला काय वाटेल याची चर्चा पानंच्या पानं आहे, समाजाला काय वाटेल याचीही आहे. जिची धिंड होती तिला काय वाटेल हा प्रश्न या खटल्यात कोर्टापुढे नव्हताच. तो आधीच पैसे देऊन मिटला होता.

तो विहिरीवरचा प्रसंग सीमा विश्वास यांनी स्वतः केला का?

नाही. तिथे बदली कलाकार होती. सीमा विश्वास यांनी हे अनेकदा सांगितलंय, तरी लोक तीस वर्षं हाच प्रश्न विचारतात आणि आवाज बारीक करून विचारतात. बाकी सगळं काम त्यांचंच. मूळच्या आसामच्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, तिथल्याच नाटकात शेखर कपूरने त्यांना पाहिलं. यानंतर मराठीतही त्या आल्या. चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘बिनधास्त’मधली त्यांची पोलीस अधिकारी आठवत असेल, आणि अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’मध्ये र. धों. कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई. फूलन आणि मालतीबाई एकाच चेहऱ्यावर बघायच्या असतील तर दोन्ही सिनेमे पाठोपाठ लावा.

हा ओळखीचा वाटतोय, कोण हा?

हा प्रश्न अर्ध्या सिनेमात कुजबुजत येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. टोळीतला मानसिंह म्हणजे मनोज बाजपेयी, मोठ्या पडद्यावरच्या त्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांतलं एक. हा मानसिंह म्हणजे वर आलेला जुना दरोडेखोर मानसिंह नव्हे, नावं तेवढी सारखी. विक्रम मल्लाह निर्मल पांडे, ठाकूर श्रीराम गोविंद नामदेव. पुत्तीलाल, म्हणजे फूलनचा नवरा, म्हणजे ‘सीआयडी’तला अभिजीत, आदित्य श्रीवास्तव. आमच्या एका मावशींना हे कळल्यावर त्यांनी ती मालिका महिनाभर बघितली नाही. सौरभ शुक्ला, रघुवीर यादव, गजराज राव हेही आहेत. एवढी माणसं एका सिनेमात गोळा करण्याचं श्रेय बरंचसं तिग्मांशू धुलियाचं, कलाकार निवडण्याचं काम त्याच्याकडे होतं. पुढे २०१२ मध्ये त्यानेच ‘पानसिंग तोमर’ काढून चंबळचं कर्ज फेडलं.

संकलन रेणू सलुजा यांचं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या त्या. हिंदीतल्या नव्या सिनेमाचं निम्मं व्याकरण त्यांच्या टेबलावर घडलं म्हणतात, त्यात अतिशयोक्ती नाही.

भाषा समजेल का?

बुंदेली वळणाची हिंदी आहे, पहिली दहा मिनिटं कान लावावा लागतो. शिव्या मात्र पहिल्या मिनिटापासून समजतात. त्या काढून टाकल्या असत्या तर सगळं खोटं वाटलं असतं. तिथे बाई शिवी देते तेव्हाच तिचं ऐकलं जातं, हे सिनेमाने बरोबर हेरलंय.

संगीत कुणाचं?

नुसरत फतेह अली खान यांचं, रॉजर व्हाइट यांच्यासोबत. ‘छोटी सी उमर’ हे गाणं बालवधूच्या सासरी जाण्यावर येतं. त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. सिनेमाच्या आधी नुसतं ऐकू नका एवढंच. तिथे, त्या जागी पहिल्यांदा कानावर पडू दे.

पुरस्कार मिळाले का?

हो. हिंदीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट, सीमा विश्वास यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि डॉली अहलुवालियांना वेशभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार. ऑस्करला भारताकडून हाच गेला होता.

पुढे तिचं काय झालं?

१९९६ मध्ये समाजवादी पक्षाने मिर्झापूरमधून उभं केलं आणि ती निवडून आली. जिच्यावरच्या सिनेमाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता ती त्याच महिन्या-दोन महिन्यांत खासदार झाली. १९९८ ला हरली, १९९९ ला पुन्हा जिंकली. २५ जुलै २००१ ला दुपारी संसदेतून घरी परतली आणि दिल्लीत अशोक रोडवरच्या बंगल्याच्या दारातच तिला गोळ्या घातल्या गेल्या. वय सदतीस. शेरसिंह राणा याने बेहमईचा बदला घेतला म्हणून सांगितलं. मध्ये तो तिहारमधून पळालाही होता. २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

यातलं सिनेमात काहीच नाही, असणं शक्यही नव्हतं. पण म्हणूनच मी सिनेमाला तिचं ‘चरित्र’ म्हणत नाही. तिच्या आयुष्याची शेवटची अठरा वर्षं त्यात नाहीत आणि त्या वर्षांत ती तिच्या मनाने चांगलं-वाईट बरंच काही करत होती.

बेहमईचा खटला संपला का?

१४ फेब्रुवारी २०२४ ला. तारीख पुन्हा वाचा. बरोबर ४३ वर्षांनी कानपूर देहातच्या न्यायालयाने एकाला जन्मठेप दिली, एकाला सोडलं. तोवर बहुतेक आरोपी मेले होते, बहुतेक साक्षीदारही. सिनेमा दोन तासांत जो सूड पुरा करतो त्याची फाइल बंद व्हायला एवढा काळ गेला.

पण असे सिनेमे दरोडेखोरांना डोक्यावर घेत नाहीत का?

घेतात. मुंबईच्या गुंडांवरचे आपल्याकडचे सिनेमे बघा, पोरं त्यांच्यासारखी कॉलर वर करून हिंडतात. ‘बँडिट क्वीन’ बघून कुणी फूलन व्हायला निघाल्याचं मी तरी पाहिलं नाही. यात टोळीचं जगणं म्हणजे भूक, उवा, जखमा आणि कायमची धावपळ. कुणी घोड्यावरून ऐटीत येत नाही.

माझी तक्रार उलटी आहे. हा सिनेमा तिला डोक्यावर घेत नाही, तो तिला सतत पायाखाली दाखवतो. एका मागून एक अत्याचार. तिसऱ्यांदा बघताना जाणवलं की ती हसते असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि ते बहुतेक विक्रमसोबतचे. भिंडच्या व्यासपीठामागे बापाला जमीन द्या म्हणून सरकारशी घासाघीस करणारी जी बाई होती, ती पडद्यावर क्षणभरच दिसते.

कॉलेजातल्या मुलांना दाखवू का?

प्रमाणपत्र प्रौढांसाठीचं आहे, अठरा पूर्ण असतील तर दाखवा. पण आधी नीट सांगून, आणि ज्यांना उठून जायचंय त्यांना जाऊ द्या. आमच्याकडे दुसऱ्या वेळी एक मुलगी मध्येच उठली. दारात उभ्या असलेल्या आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने तिला “अहो, पुढे चांगला आहे” म्हणून अडवलं. तो मूर्खपणा आमचाच. तेव्हापासून दार उघडं ठेवतो आणि दाराशी कुणी उभं राहत नाही.

कुठली प्रत बघावी?

लांबी तपासा. मूळ सिनेमा ११९ मिनिटांचा आहे. त्याहून बरीच कमी दिसली तर कुणीतरी कात्री चालवलीय असं समजा. ओटीटीवरची एक प्रत अशीच इतकी कापलेली निघाली की २०२५ मध्ये खुद्द शेखर कपूरनेच जाहीर संताप व्यक्त केला. माझा सिनेमा ओळखूही येत नाही, आणि कापताना मला कुणी विचारलंसुद्धा नाही, असा एकूण सूर होता. आमच्या मंडळात हे वाचून दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतल्या त्या मावशी, अभिजीतवर रुसलेल्या, पटकन म्हणाल्या, “आता कळलं असेल.”